वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरचा माऊस: दुरुस्ती की बदली?

नदीपात्र

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण त्यावरून घरात शीतयुद्ध पेटलंय, म्हणून धागाच काढतो.

बाबांकडे विंडोज एक्सपीवर चालणारा जुना असेंबल्ड पीसी आहे. त्यावर पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फाँटचं श्री-लिपी. आमच्या भागातल्या वाचनालयाचं त्रैमासिक आणि ओळखीच्या मंडळांच्या स्मरणिका यांची पानं ते अजून त्यावरच लावतात. हे काम सोडायची त्यांची बिलकुल तयारी नाही. आता माऊस गेलाय. म्हणजे पूर्ण गेलेला नाही, आणि तीच पंचाईत आहे.

एकदा क्लिक केलं की दोनदा होतं. फाइल नुसती निवडायला जावं तर उघडूनच बसते. मजकुराचा ठोकळा ओढून नेताना मध्येच सुटतो आणि भलत्याच कॉलमात जाऊन पडतो. शिवाय अधूनमधून बाण जागीच अडकतो, वायर जरा इकडेतिकडे केली की परत चालायला लागतो.

माऊस गोल पिनांचा, हिरव्या तोंडाचा. कॅबिनेटच्या मागे यूएसबीची भोकं दोनच. एकात सॉफ्टवेअरचं लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), दुसऱ्यात प्रिंटर. पुढची दोन नुसती दाखवायला आहेत, त्यात काहीही लावा, ढिम्म.

जवळच्या एका दुकानात गेलो. त्याने आधी "साहेब, हा भंगारात द्या आता" असा फुकटचा सल्ला दिला आणि मग एक यूएसबी माऊस नि त्याला लावायचा हिरवा कनेक्टर गळ्यात मारला. घरी लावला. खालचा लाल लाइट लागतो, बाण मात्र हलत नाही. परत न्यायला गेलो तर "पाकीट फोडलं की परत नाही".

तर, जुना दुरुस्त होईल का? तसाच गोल पिनांचा नवा पुण्यात मिळतो का? आणि हा नवीन घेतलेला काय कामाचा?

शनिवारवासी

मिळतो की. उपनगरातल्या चकचकीत दुकानात "पीएस-टू" (म्हणजे हाच गोल पिनांचा) म्हटलं की पोरं तुमच्याकडे बघतच राहतात. बुधवार पेठेत या. पासोड्या विठोबाच्या आसपास सुट्या भागांची दुकानं आहेत, तपकीर गल्लीतही विचारा. दुपारी एक ते चार येऊ नका, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. गाडी आणू नका. मेट्रोने मंडईला किंवा कसबा पेठेला उतरलात तर चालत याल.

जुना माऊस पिशवीत घालून बरोबर आणा. तोंडाने वर्णन करत बसलात तर काउंटरवरचा माणूस हातात वेगळंच काहीतरी ठेवेल.

काडीबहाद्दर

दुकानदार बरोबर बोलला. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. एवढा जीव त्या माऊससाठी कशाला जाळता? काकांना साधा लॅपटॉप घेऊन द्या, युनिकोडमध्ये टाइप करायला शिकवा, विषय संपला.

नदीपात्र

@काडीबहाद्दर, विषय तिथेच सुरू होतो हो. बाबांचा सगळा जुना मजकूर श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नसलेल्या मशिनवर ती फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, वापरून पाहिलेत. पण रफार आणि जोडाक्षरं कुठेतरी दगा देतातच, म्हणजे पुन्हा सगळं प्रूफ वाचायचं. बाबांना तुम्ही सांगा, मी चहा पाजतो.

नेटला तो पीसी जोडलेलाच नाही. छपाईसाठी पीडीएफ पेनड्राइव्हने जाते.

निवृत्त_अभियंता

नदीपात्र, तुमच्या माऊसला एक नाही, दोन स्वतंत्र आजार आहेत. ते वेगळे केल्याशिवाय खर्च करू नका.

पहिला वायरचा. वायर हलवल्यावर चालतो, म्हणजे आतली एखादी तार तुटली आहे आणि टोकं कधी भिडतात, कधी नाही. दहातल्या नऊ वेळा ती माऊसच्या मानेशी, जिथे वायर आत शिरते तिथे तुटते. बाण अडकेल तेव्हा माऊस उलटा करून लाइट बघा. लाइटही गेला असेल तर पाच व्होल्टची किंवा अर्थची तार गेली. लाइट चालू आणि बाण बंद असेल तर डेटा किंवा क्लॉकची. पीएस-टूमध्ये कामाच्या तारा या चारच.

दुसरा डाव्या बटणाखालच्या स्विचचा. खात्री करायची तर पेंट उघडा, पेन्सिल घ्या आणि बटण न सोडता पडद्यावर एक लांब रेघ ओढा. रेघ मध्ये मध्ये तुटली तर स्विच गेला. ओढताना ठोकळा सुटतो आणि क्लिक दोनदा होते, ही एकाच रोगाची दोन रूपं. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन डबल-क्लिकचा वेग कमीजास्त करून हा रोग बरा होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आता दुकानदाराने दिलेला हिरवा कनेक्टर. त्याच्या आत काहीही नसतं, नुसत्या इकडच्या पिना तिकडे जोडलेल्या. ज्या माऊसच्या चिपला यूएसबी आणि पीएस-टू दोन्ही भाषा येतात, त्यालाच तो चालतो. पूर्वी असे माऊस सर्रास येत आणि डब्यात हा कनेक्टर सोबतच असे. हल्लीच्या बऱ्याच माऊसना फक्त यूएसबी येते. कनेक्टरमधून वीज पोचते म्हणून लाइट लागतो, पण संभाषण होत नाही म्हणून बाण हलत नाही. चिप असलेला खरा कन्व्हर्टर वेगळा मिळतो, तो महाग असतो आणि बहुधा कीबोर्ड-माऊस दोन्हींसाठी असतो, दोन शेपट्यांचा.

आणि एक. पीएस-टूचा माऊस पीसी चालू असताना काढू-घालू नका. एक तर पुन्हा चालू केल्याशिवाय तो ओळखला जात नाही, आणि दुसरं म्हणजे जुन्या मदरबोर्डांवर त्या पोर्टचा बारीकसा फ्यूज उडाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. मग माऊस कितीही आणा, पोर्टच मेलेलं असतं.

कोथरूडकरीण

दुरुस्ती होईपर्यंत काकांचं काम अडू नये म्हणून एक सांगते. डावीकडचं आल्ट, डावीकडचंच शिफ्ट आणि नम लॉक ही तीन बटणं एकदम दाबा. एक चौकट येईल, तिला एंटर मारा. आता उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल-क्लिक. आणि पेजमेकरवाल्यांसाठी खास: ० दाबलं की बटण धरून ठेवल्यासारखं होतं, मग ठोकळा हवा तिथे न्या आणि टिंबाने सोडा. मध्येच सुटून पडायचा प्रश्नच नाही.

माझ्या आईची मनगटाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिने सोसायटीचे हिशेब असेच केले. हळू चालतं, पण चालतं. उजव्या क्लिकऐवजी शिफ्ट + एफ१० आहेच.

चहाबिस्कीट

कोथरूडकरीणताई, दंडवत. इतकी वर्षं आयटीत आहे, हे शून्य-टिंबाचं माहीत नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खटाटोपी

स्विच बदलणं अवघड नाही, पण घाईचं काम नाही. आधी उघडायचं कसं ते सांगतो, कारण लोक तिथेच प्लास्टिक मोडतात.

स्क्रू दिसत नसतील तर ते खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात. स्टिकरवर बोट दाबत फिरवा, खड्डा लागतो. पट्टी हेअर ड्रायरने किंचित गरम केली की न फाटता निघते आणि परत चिकटतेही. स्क्रू काढल्यावर मागची बाजू आधी उचला, पुढे खाचा असतात. चाकाखाली एखादी बारीक स्प्रिंग असते, ती उडते. खाली पांढरा टॉवेल पसरून बसा. झाकण निघालं की लगेच मोबाइलवर फोटो काढा.

आत डाव्या-उजव्या बटणांखाली दोन काळ्या चौकोनी डब्या दिसतील, वर शेंगदाण्याच्या नाकाएवढं बटण. हेच मायक्रोस्विच. त्याच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची एक केसासारखी पातळ पट्टी असते, दाबलं की ती टिक करून पलटते आणि संपर्क होतो. कुठलाही स्विच भिडताना क्षणभर थरथरतो. ती थरथर मोजायची नाही हे माऊसच्या चिपला शिकवलेलं असतं. पण पट्टी थकली, टोकावर ऑक्साइडचा थर बसला, की थरथर लांबते आणि चिपला वाटतं, माणसाने दोनदा दाबलं.

स्विचला तीन पाय असतात. डिसोल्डर पंपाने तिन्हींचं सोल्डर नीट ओढून घ्या. स्वस्त माऊसची सर्किटची पट्टी एकाच बाजूने छापलेली असते, आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं की तांबं उचकटून येतं आणि मग तारेचा जुगाड करावा लागतो. नवा स्विच ओमरॉन कंपनीचा किंवा त्याच मापाचा मागा. जुना सोबत न्या, उंची जुळली पाहिजे. अर्धा मिलिमीटर कमी पडला तर वरचं बटण पोकळ दाबल्यासारखं लागतं.

नवा मिळाला नाही तर तुमच्याकडे दाता घरीच आहे! तो न चालणारा यूएसबी माऊस उघडा, त्याचा कोरा स्विच काढून बाबांच्या माऊसला बसवा.

निवृत्त_अभियंता

खटाटोपी, कोरा करकरीत माऊस फाडायचा? त्यापेक्षा पुढची यूएसबी जिवंत करा ना. असेंबल करणाऱ्याने कॅबिनेटची वायर बोर्डाला जोडलीच नसावी, हे फार कॉमन आहे.

नदीपात्र, पीसी बंद करून विजेची पिन काढा आणि डावीकडचं झाकण उघडा. पुढच्या पोर्टांकडून आलेली वायर आत लोंबकळत असेल. बोर्डावर खालच्या कडेला दोन ओळींत नऊ पिना दिसतील, एका ओळीत पाच, दुसरीत चार, बाजूला यूएसबी असं छापलेलं. वायरच्या टोकाला एकच अखंड प्लग असेल तर बुजलेलं भोक रिकाम्या जागेवर आणून बसवा, उलटा बसणारच नाही. जुन्या कॅबिनेटला मात्र सुटे सुटे प्लग असतात: लाल पाच व्होल्ट, पांढरा डेटा उणे, हिरवा डेटा अधिक, काळा अर्थ. तिथे रंगांवर विसंबू नका, प्लगवर छापलेलं वाचा आणि बोर्डाच्या पुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून पाहा. पुस्तिका नसेल तर बोर्डाचा मॉडेल क्रमांक टाकून पीडीएफ शोधा.

एक धोका ठळक सांगतो. काही बोर्डांवर फायरवायरच्या (हा जोडणीचा वेगळाच प्रकार) पिनाही हुबेहूब अशाच नऊ असतात. तिथे यूएसबी जोडलंत तर जास्त व्होल्टेज येऊन लावलेली वस्तू जळते. म्हणून जोडल्यावर आधी मल्टिमीटरने पोर्टात पाच व्होल्ट मोजा, मगच माऊस लावा. पहिल्यांदा पेनड्राइव्ह लावू नका, त्यात काकांचं त्रैमासिक असेल.

खटाटोपी

काका, तुमचा मुद्दा मान्य. पण माऊस फाडण्यात जी मजा आहे ती वायर जोडण्यात नाही.

काडीबहाद्दर

तीनशेच्या आसपास नवा माऊस येतो आणि तुम्ही लोक मल्टिमीटर घेऊन बसलात. वेळेची किंमत नावाचा प्रकार पुण्यात चालत नाही वाटतं.

शनिवारवासी

चालतो. दुपारी एक ते चार.

कोथरूडकरीण

काडीबहाद्दर, नवा माऊस आणलाच आहे त्यांनी, तो चालत नाहीये. वरचं वाचलंत का?

चहाबिस्कीट

स्विचमध्ये डब्ल्यूडी-फोर्टी मारलं तर? आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला तेच मारतात.

खटाटोपी

बिजागरीला मारा. स्विचला नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. शिवणयंत्राचं तेलही नको, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो उडून जातो. चाक फिरवल्यावर पान वर-खाली उड्या मारत असेल तर चाकाच्या बाजूच्या एन्कोडरमध्ये (चाकाचं फिरणं मोजणारा भाग) त्याचा एक फवारा मारून चाक गरगर फिरवा, बहुतेक वेळा काम होतं. क्लिकच्या स्विचला मात्र तो तात्पुरता उपाय. थकलेली पट्टी स्प्रेने ताजी होत नाही.

नदीपात्र

अपडेट देतो.

पेंटची परीक्षा घेतली. रेघ म्हणजे मोर्स कोड. बाण अडकला तेव्हा लाइटही गेलेला होता, म्हणजे निवृत्त_अभियंता म्हणाले तसं विजेची किंवा अर्थची तार.

रविवारी झाकण उघडलं. पुढच्या पोर्टाची वायर खरंच रबरबँड लावून कोपऱ्यात कोंबलेली होती, प्लग अखंड होता, त्यामुळे डोकं लावावं लागलं नाही. पाच व्होल्ट मोजले, यूएसबी माऊस लावला. एक्सपीने "नवीन हार्डवेअर सापडलं" म्हणून चौकट काढली आणि तिथे हा पठ्ठ्या आमच्याकडूनच क्लिकची अपेक्षा करायला लागला! कीबोर्डवरून टॅब आणि एंटर मारत पुढे गेलो. माऊस चालू. सीडी वगैरे काही मागितलं नाही.

बाबांनी तो हातात घेतला, दोन मिनिटं फिरवला आणि म्हणाले, "हलका आहे रे. याला वजनच नाही. ओळ पकडता येत नाही." झालं. म्हणजे जुन्याचीही दुरुस्ती करणं आलं.

बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने स्विच हातात घेऊन कानाजवळ नेऊन टिकटिक ऐकली आणि न बोलता ड्रॉवरमधून तसाच काढून दिला. एकदम चार घेतले, सगळे मिळून चहा-क्रीमरोलच्या पैशांत. सोल्डरिंग इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याकडून करून घेतलं. डावा बदलला, उजवाही बदलून टाकला. वायर मानेपासून चार बोटं मागे कापली, आतली लाल तार खरोखर तुटलेली निघाली. कापण्याआधी कुठला रंग कुठल्या पिनेला ते लिहून घेतलं होतं. टोकं सोलून पुन्हा जोडली, मूळ रबरी मान परत बसवली आणि आत वायरला एक सैलशी गाठ मारली, म्हणजे पुढे ओढ बसली तर ती गाठीवर बसेल, जोडावर नाही.

सध्या दोन्ही माऊस लावलेले आहेत, एक मागे हिरव्या पोर्टात, एक पुढे. विंडोजला दोन्ही एकदम चालतात. बाबा जुना वापरतात. मी काही करायला बसलो की नवा.

निवृत्त_अभियंता

उत्तम. गाठ मारलीत ते फार बरं केलंत. फक्त झाकणाखाली ती कशाला घासत नाही ना, ते पाहा. अंगठ्याने दाबून पाहा, बटण दोन्ही कडांना सारखंच टिक करतंय ना?

नदीपात्र

हो, सारखंच. चाकाच्या बाजूला गाठीला जागा होती. बाबांची एकच तक्रार उरली आहे, टेबलावर काच आहे तिथे बाण थरथरतो.

खटाटोपी

काचेवर थरथरणारच. खालचा सेन्सर म्हणजे छोटासा कॅमेराच. तो पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि आधीच्या-नंतरच्या फोटोतला फरक पाहून हालचाल ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला पकडायला काही दिसतच नाही. गुळगुळीत पांढऱ्या सनमायकावरही हाच त्रास. पॅड नसेल तर जुन्या कॅलेंडरचं पान पाठकोरी बाजू वर करून चिकटवा, साधा कागद पुरतो. आणि सेन्सरच्या भोकात एखादा केस अडकलाय का ते बघा. एका केसापायी लोक माऊस टाकून देतात.

चहाबिस्कीट

धागा रंगलाय तर माझाही विचारून घेतो. पुण्यातल्या जुन्या बाजारातून पीएस-टू माऊस घ्यावा का? आणि माझ्या काकांकडे अजून गोळीवाला माऊस आहे, विंडोज ९८ वर. बाण आडवा नीट जातो, उभा जाताना ठेचकाळतो.

शनिवारवासी

बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पिना वाकलेल्या नाहीत ना ते आधी पाहा. त्या सुईएवढ्या असतात, एक जरी वाकलेली असली तरी घरी जाऊन सरळ करू म्हणू नका, तुटते. मानेशी वायर दुमडून पाहा. दोन्ही बटणांची टिक सारखी ऐकू आली पाहिजे. चालवून बघायची सोय तिथे नसते, त्यामुळे भाव त्या हिशेबाने करा. आणि मेलेले माऊस कचऱ्यात टाकू नका, दारात कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना ई-कचरा म्हणून वेगळे द्या.

निवृत्त_अभियंता

चहाबिस्कीट, गोळीवाल्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं. खालची चकती तिच्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून गोळी काढा. आत दोन बारीक रोलर दिसतील, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या, आणि तिसरं गोळीला दाबून धरणारं छोटं चाक. तुमचा उभ्याचा रोलर मळलाय. त्याच्या मधोमध काळसर पट्टा जमलेला दिसेल, हाताचा घाम आणि धूळ मिळून तो चामड्यासारखा घट्ट होतो. रोलर एका बोटाने हळूहळू फिरवत टूथपिकने तो पट्टा एका बाजूने सोलायला घ्या, बहुतेकदा सलग निघून येतो. तुकडे आत पडू देऊ नका, माऊस उलटा धरूनच काम करा, कारण रोलरच्या टोकाला खाचांची चकती आहे आणि तिच्या आरपार इन्फ्रारेडचा किरण जातो. तिथे कचरा अडकला की दुसरं दुखणं. शेवटी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. गोळी साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळल्यावरच आत टाका, तिला अल्कोहोल लावू नका, रबर कडक होतं. आणि खरवडायला ब्लेड वापरू नका. रोलरवर चरे पडले की पुढच्या वेळी मळ नेमका तिथेच धरतो.